लोखंड येण्याआधीची ट्रायल

नाशिकच्या अंबडमध्ये कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एखाद्या जुन्या शॉपमध्ये गेलात, तर कपाटावर कुठेतरी पत्र्याचा एक डबा दिसतो. त्यावर सोळा किंवा बत्तीस टॉगल स्विच आणि तेवढेच छोटे दिवे. पॅनलचं वायरिंग झालं की या डब्याच्या वायरी पीएलसीला, म्हणजे मशीनला हुकूम देणाऱ्या छोट्या औद्योगिक संगणकाला, जोडायच्या. एक दिवा लागला, म्हणजे पीएलसी म्हणतोय, 'क्लॅम्पचा सिलिंडर पुढे न्या.' मग आपण बोटाने एक स्विच वर करायचा, म्हणजे पीएलसीला निरोप गेला, 'सिलिंडर पुढे गेला.' प्रत्यक्षात सिलिंडर अजून खोक्यात असतो आणि मशीनची फ्रेम फॅब्रिकेशनवाल्याकडे. पीएलसीला त्याचा पत्ताही नसतो. त्याला फक्त चोवीस व्होल्ट आले की नाही, एवढंच समजतं.

व्हर्च्युअल कमिशनिंग हे नाव जड आहे, पण त्याचं बीज या डब्यात आहे. स्विच वर-खाली करणाऱ्या बोटाच्या जागी मशीनची एक गणिती प्रतिकृती बसवायची, जी खऱ्या मशीनसारखीच उत्तरं देईल. पीएलसीने व्हॉल्व्ह उघडला, की प्रतिकृतीतला सिलिंडर आठ दशांश सेकंदात पुढे जाईल आणि शेवटी सेन्सर लागल्याचं कळवेल. मध्ये पार्ट अडकलेला असेल तर सिलिंडर तिथेच थांबेल आणि सेन्सर लागणार नाही. बोटाला चाळीस इनपुट मिलिसेकंदांच्या हिशेबाने हलवणं जमत नाही, प्रतिकृतीला जमतं.

आधी कमिशनिंग म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण कारखान्याबाहेरच्या माणसाला हा शब्द नुसता 'चालू करणे' असा वाटतो. मशीन बनवणाऱ्या शॉपमध्ये डिझाइन, फॅब्रिकेशन, असेंब्ली, वायरिंग आणि प्रोग्रॅमिंग अशी कामं वेगवेगळ्या माणसांच्या हाती असतात. प्रत्येकाची थोडीथोडी चूक असते, थोडा उशीर असतो. या सगळ्या चुका आणि सगळे उशीर जिथे एकत्र उघडे पडतात, ती जागा म्हणजे कमिशनिंग. प्रोग्रॅमरला मशीन सर्वांत शेवटी मिळतं. ड्रॉइंगला तीन आठवडे उशीर झाला, फ्रेमला दोन झाले, तरी डिलिव्हरीची तारीख हलत नाही, फक्त त्याचे दिवस कमी होतात. सातपूर, अंबड, सिन्नरमधली किती तरी पोरं आज चाकणला किंवा गुजरातेत साणंदला लॉजवर राहून, रात्री ग्राहकाची उत्पादनाची लाईन बंद असताना प्रोग्रॅम सुधारत बसलेली असतील. जागरणाने डोळे चुरचुरत असताना दोनशे बार दाबाच्या प्रेसचं लॉजिक बदलणं ही धोक्याची गोष्ट आहे. हा लेख लिहायचं खरं कारण तेच.

माझ्याच एका मशीनची गोष्ट सांगतो. बेअरिंग प्रेस करण्याचं साधं एसपीएम, म्हणजे एकाच कामासाठी बनवलेलं खास मशीन, होतं. कन्व्हेअरवरून हाउसिंग (बेअरिंग ज्यात बसतं तो पार्ट) येणार, स्टॉपर त्याला अडवणार, सेन्सर 'पार्ट आला' म्हणणार, क्लॅम्प पकडणार, वरून रॅम, म्हणजे दाब देणारा दांडा, येऊन बेअरिंग बसवणार, मग सगळं उघडून पार्ट पुढे. आम्ही डब्यावर ट्रायल घेतली, सगळं नीट झालं. दिवाळीच्या सुट्टीत ग्राहकाची लाईन बंद असताना बसवायचं होतं, हातात चार दिवस होते. तिसऱ्या रात्री लाइट गेली. दोन मिनिटांत आलीसुद्धा. पीएलसी पुन्हा सुरू झाला आणि माझा प्रोग्रॅम शहाण्या मुलासारखा पहिल्या पायरीपासून सुरू झाला: स्टॉपर खाली, पुढचा पार्ट येऊ दे. पण रॅम अजून खालीच होता आणि आधीचा पार्ट क्लॅम्पमध्ये होता. मागून आलेलं हाउसिंग त्यावर आदळलं, वर चढलं, गाईड रॉड वाकला. नवा रॉड बनवून यायला दीड दिवस गेला.

मागे जाऊन पाहिलं तर दोन गोष्टी सापडल्या. पहिली, रॅमचा व्हॉल्व्ह दोन कॉइलचा होता. एका कॉइलचा व्हॉल्व्ह वीज गेली की स्प्रिंगने मूळ जागी येतो. आमचा हा दोन कॉइलचा मात्र जिथे आहे तिथेच राहतो, कोणी उलट हुकूम देईपर्यंत. दुसरी गोष्ट मला जास्त लागली. डब्यावर ट्रायल घेताना आम्ही सगळे स्विच आधी खाली करायचो आणि मगच पॅनल चालू करायचो. कोणी सांगितलं नव्हतं, सवयच होती. म्हणजे आमचं मनातलं मशीन दर वेळी होम पोझिशनला, म्हणजे सुरुवातीच्या जागी, उभं असायचं. खरं मशीन तसं उभं राहत नाही. पीएलसी विसरला तरी लोखंड जिथे होतं तिथेच असतं.

प्रतिकृतीचा सर्वांत मोठा उपयोग मला इथे दिसतो. ती पीएलसीपासून वेगळी असते आणि तिला स्वतःची आठवण असते. पीएलसी बंद करा, चालू करा, रॅम खालीच राहील. मग प्रोग्रॅम काय करतो ते टेबलावर बसून पाहायचं. आदळलं तर स्क्रीनवर आदळेल, आणि पुढच्या मिनिटाला पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येईल. तोच अपघात एका दुपारी तीस वेळा, तीस वेगवेगळ्या क्षणी घडवून बघता येतो. खऱ्या मशीनवर तसं करायला कोणी परवानगी देणार नाही.

आता ही प्रतिकृती बनते कशी? पीएलसीच्या बाजूने सुरुवात करू. १९६८ साली अमेरिकेतल्या जनरल मोटर्सला रिलेंनी (विजेने चालणाऱ्या स्विचांनी) भरलेल्या भल्या मोठ्या कपाटांना पर्याय हवा होता. दर वर्षी मोटारीचं मॉडेल बदललं की हजारो वायरी पुन्हा जोडाव्या लागत. त्यातून १९६९मध्ये मोडिकॉन ०८४ हा पीएलसी आला. तेव्हापासून आजपर्यंत त्याची कामाची पद्धत तीच आहे: सगळे इनपुट वाच, प्रोग्रॅम वरून खाली चालव, सगळे आउटपुट लिही, पुन्हा पहिल्यापासून. या एका फेरीला स्कॅन म्हणतात आणि तिला काही मिलिसेकंद लागतात. एकदा इनपुट वाचल्यापासून पुन्हा वाचेपर्यंत बाहेर काय झालं ते पीएलसीला दिसत नाही. डोळ्यांची उघडझाप व्हावी तसं.

ही उघडझाप समजली की प्रतिकृतीचे दोन प्रकार आपोआप समजतात. पहिल्यात पीएलसीही काल्पनिक आणि मशीनही काल्पनिक, दोन्ही एकाच लॅपटॉपवर. याला सॉफ्टवेअर-इन-द-लूप म्हणतात; लूप म्हणजे हुकूम आणि उत्तर यांचं फिरतं चक्र. यात एक मोठी सोय आहे: वेळ थांबवता येते. सीमेन्सच्या पीएलसीसिम ॲडव्हान्स्डसारख्या काल्पनिक कंट्रोलरला 'थांब, मशीनचं गणित व्हायचंय' असं सांगता येतं, म्हणजे दोघांची घड्याळं एकमेकांना धरून चालतात. दुसऱ्या प्रकारात खरा पीएलसी टेबलावर ठेवायचा आणि मशीन तेवढं काल्पनिक. हे हार्डवेअर-इन-द-लूप. इथे खरा स्कॅन टाइम आणि खरं नेटवर्क तपासलं जातं, पण खरा पीएलसी कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे प्रतिकृतीला त्याच्या वेगाने पळावं लागतं.

हा वेगाचा मुद्दा पुस्तकी वाटेल, म्हणून आकडे घेऊ. कन्व्हेअर सेकंदाला ५०० मिलिमीटर धावतोय आणि सेन्सरने ५ मिलिमीटर रुंदीचा एक स्क्रू ओळखायचा आहे. तो स्क्रू सेन्सरसमोर फक्त १० मिलिसेकंद राहील. पीएलसीचा स्कॅन १२ मिलिसेकंदांचा असेल तर कधी दिसेल, कधी नाही. शिवाय इनपुट कार्डातच विजेचा खडखडाट गाळण्यासाठी काही मिलिसेकंदांचा फिल्टर असतो. आता तुमची प्रतिकृती दर ५० मिलिसेकंदांनी एकदा पीएलसीशी बोलत असेल, तर तेवढ्यात पार्ट २५ मिलिमीटर पुढे गेलेला असेल. असा सेटअप या चुकीबद्दल काहीच सांगू शकणार नाही. वाईट म्हणजे, सगळं ठीक आहे असंही भासवेल. म्हणून कोणी मला सिम्युलेशन दाखवलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो, किती मिलिसेकंदांनी अपडेट होतं?

मशीनच्या बाजूला प्रतिकृतीचे थर असतात. सर्वांत खाली वागणुकीचा थर: व्हॉल्व्ह, सिलिंडर, मोटार, सेन्सर हुकूम मिळाल्यावर किती वेळाने काय उत्तर देतात. त्यावर हालचालीचा थर: कोणता भाग कुठे सरकतो, कशाला धडकतो. सर्वांत वर थ्रीडी चित्र. ग्राहकाला दाखवायला चित्र फार छान असतं आणि विकणारेही तेच दाखवतात. पण चुका बहुतेक खालच्या थरात सापडतात. चित्र सुंदर असून सिलिंडर हुकूम मिळताच शून्य सेकंदात पोहोचत असेल, तर टायमिंगची एकही चूक त्यात दिसणार नाही. उलट चित्र अजिबात नसून वागणूक खरी असेल, तर नुसत्या आकड्यांच्या तक्त्यावरही भरपूर सापडतं.

रोबोंची गोष्ट जरा निराळी आहे. त्यांचे निर्मातेच आपल्या कंट्रोलरची सॉफ्टवेअर प्रत देतात. एबीबीचं रोबोटस्टुडिओ, फॅनकचं रोबोगाईड. हात कोणत्या वळणाने जाईल, किती वेळ घेईल, हे त्यात बरंच खरं उतरतं. फरक पडतो तो जमिनीवर. ड्रॉइंगमध्ये रोबो आणि फिक्स्चर (पार्ट धरून ठेवणारा साचा) यांच्यात जे अंतर आहे, ते काँक्रीटवर बोल्ट मारताना काही मिलिमीटर सरकतं. त्यामुळे हाताने कुठे कुठे जायचं ते पॉइंट पुन्हा टच-अप करावेच लागतात. पण चाळीस पॉइंट शून्यातून शिकवणं आणि चाळीस पॉइंट थोडे सरकवणं यांत एका रात्रीचा फरक आहे.

सिम्युलेशन म्हटलं की आणखी एक गोष्ट यात मिसळली जाते, तीही वेगळी काढू. वर जे सांगितलं ते 'प्रोग्रॅम बरोबर वागतो का' हे पाहण्यासाठी. दुसरा प्रश्न असतो 'लाईनमधून दिवसाला किती पार्ट निघतील'. त्याला वायरी नि सेन्सर लागत नाहीत, त्याला रांगेचं गणित लागतं. लासलगावला हंगामात कांद्याचे ट्रॅक्टर वजनकाट्यावर उभे असतात, ती रांग डोळ्यांसमोर आणा. समजा एका वजनाला सरासरी तीन मिनिटं लागतात. ट्रॅक्टर येण्याची वेळही अनियमित, वजनाला लागणारा वेळही अनियमित. काटा ८० टक्के वेळ कामात असेल, तर रांगेशास्त्राच्या सर्वांत साध्या सूत्राने सरासरी १२ मिनिटं थांबावं लागेल. काटा ९० टक्के कामात असेल तर २७ मिनिटं. ९५ टक्क्यांवर ५७ मिनिटं. काटा ८० वरून ९५ टक्क्यांवर गेला आणि थांबणं जवळपास पाचपट झालं! लाईनवर नेमकं हेच होतं. प्रत्येक स्टेशनचा सायकल टाइम (एका पार्टला लागणारा वेळ) कागदावर बसलेला असतो, सरासरीही बरोबर असते, आणि तरी बफर, म्हणजे मधल्या थांबायच्या जागा, तुंबतात. एक्सेलमधली सरासरी हे दाखवत नाही. वेळ कमी-जास्त करत हजारो पार्ट चालवून बघणारं सिम्युलेशन दाखवतं, आणि दोन स्टेशनांमध्ये चार पार्टची जागा ठेवायची की दहाची, हे लोखंड कापण्याआधी ठरतं.

पण प्रतिकृतीवर आंधळा विश्वास ठेवता येत नाही, आणि त्यासाठी मला एरियन-५ रॉकेट आठवतं. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातून त्याचं पहिलं उड्डाण झालं आणि चाळीसेक सेकंदांत ते नष्ट झालं. दिशा नि वेग सांगणारं उपकरण आधीच्या एरियन-४वरून जसंच्या तसं घेतलं होतं. नवं रॉकेट आडव्या दिशेने जास्त वेगाने जात होतं, एक मोठा आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही, आणि उपकरण बंद पडलं. दोन उपकरणं होती, दोन्हींत तेच सॉफ्टवेअर, म्हणून दोन्ही बंद पडली. सिम्युलेशन झालं नव्हतं असं नाही. पूर्ण यंत्रणेचं सिम्युलेशन झालं होतं, पण त्यात ही उपकरणं प्रत्यक्ष ठेवली नव्हती. त्यांच्या जागी त्यांची सॉफ्टवेअर नक्कल होती, आणि नक्कल कधी बिघडली नाही. चौकशी समितीच्या अहवालात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्या शॉपच्या भाषेत सांगायचं तर जे लूपमध्ये नव्हतं, त्याची ट्रायल झालीच नव्हती.

आपल्याकडेही लूपबाहेर बरंच काही राहतं. कास्टिंगच्या कडेला राहिलेली धारदार बर. जवळ आलेला धातू ओळखणाऱ्या प्रॉक्सिमिटी सेन्सरला चिकटलेला धातूचा कीस. चकचकीत पार्टवरून परावर्तित होऊन फोटोसेन्सरला फसवणारा उजेड. शेजारचं मशीन चालू झालं की पाइपमधला हवेचा दाब कमी होणं आणि सिलिंडर मंदावणं. यातलं काही प्रतिकृतीत मुद्दाम घालता येतं (दाब कमी झाला म्हणजे सिलिंडरचा वेळ दीडपट, असं), काही नाही.

सुरक्षेच्या बाबतीत तर मी कोणाशीही तडजोड करत नाही. इमर्जन्सी स्टॉप दाबल्यावर प्रोग्रॅम काय करतो, हे प्रतिकृतीवर जरूर बघा. पण लाईट कर्टन (कोणी मध्ये आलं की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) मशीनपासून किती लांब बसवायचा, हे मशीन प्रत्यक्षात थांबायला किती वेळ घेतं त्यावर ठरतं. आयएसओ १३८५५ या मानकात चालत येणाऱ्या माणसाचा वेग सेकंदाला १६०० मिलिमीटर धरतात, पुढे येणाऱ्या हाताचा जवळच्या अंतरात २०००. म्हणजे थांबायला एक दशांश सेकंद जास्त लागला, तर माणूस सोळा सेंटिमीटर आत आलेला असतो. जुना व्हॉल्व्ह, झिजलेला ब्रेक हा एक दशांश सेकंद सहज खातात. थांबायचा वेळ खऱ्या मशीनवर, उपकरण लावूनच मोजायचा.

आता लहान शॉपवाल्यांचा प्रश्न: एवढी महागडी सॉफ्टवेअर आम्ही कुठून आणायची? माझं प्रामाणिक मत असं, की पहिल्या दिवशी आणायचीच नाहीत. दोन सिलिंडर आणि एका मोटारीच्या मशीनला तो पत्र्याचा डबा पुरतो, फक्त स्विच 'चुकीच्या' जागी ठेवून पॅनल चालू करायची सवय लावा. त्यापुढे जायचं असेल तर पीएलसीच्या प्रोग्रॅममध्येच एक वेगळा ब्लॉक लिहिता येतो. तो आउटपुट बघतो, टायमर लावतो आणि त्या वेळाने इनपुट खरा करतो. कोडेसिस हे प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर मोफत उतरवता येतं, त्यात पीएलसी नसतानाही प्रोग्रॅम चालवून बघता येतो. सिलिंडरचा असा ब्लॉक एकदा नीट लिहिला की पुढच्या प्रत्येक मशीनला तोच वापरता येतो. दुसऱ्या-तिसऱ्या मशीनपासून मेहनत वसूल व्हायला लागते. तीन-चार रोबो, सर्व्हो मोटारी आणि चार दिवसांचं शटडाऊन असं काम हाती आलं, की मग मोठ्या सॉफ्टवेअरचा हिशेब मांडा.

हा ब्लॉक मात्र मशीन पाठवण्याआधी काढायचा. प्रोग्रॅममध्ये नुसता शेरा करून ठेवून किंवा त्याचं बिट शून्य करून, म्हणजे तात्पुरता बंद करून, सोडायचा नाही, पूर्ण काढायचा. २७ मार्च २००८ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळाचं पाचवं टर्मिनल सुरू झालं आणि सामानाची यंत्रणा कोलमडली. अनेक कारणांपैकी एक असं होतं, की चाचणीच्या काळात खोटे संदेश बाहेरच्या चालू यंत्रणांत जाऊ नयेत म्हणून सॉफ्टवेअरमध्ये गाळण्या बसवल्या होत्या, आणि त्या चुकून तशाच राहिल्या. एखादा इनपुट फोर्स करून (सेन्सर काहीही म्हणो, जबरदस्तीने चालू धरून) ठेवायचा आणि मशीन सोपवताना विसरायचं, हे आपल्या शॉपमध्ये किती वेळा होतं ते आपल्याला माहीत आहे. मी आता हँडओव्हरच्या कागदावर त्यासाठी स्वतंत्र ओळ ठेवतो आणि तिथे सही दुसऱ्या माणसाची घेतो.

राहिला प्रश्न प्रतिकृतीवर नेमकं काय तपासायचं याचा. सरळ सायकल चालताना पाहून कोणाचंच भलं होत नाही, ती बहुतेक वेळा चालतेच. ग्राहकाचे अधिकारी मशीन बघायला येतात तेव्हा मी त्यांना विनंती करतो, की सोबत मेंटेनन्सचा माणूस आणि ऑपरेटर आणा. गेल्या वर्षी सिन्नरच्या एका कामासाठी असे एक जुने फिटर आले होते. मशीनचं लोखंड अजून निम्मंही झालं नव्हतं, पडद्यावर नुसता कन्व्हेअर आणि दोन क्लॅम्प होते. पंधरा मिनिटं त्यांनी काहीच विचारलं नाही. मग म्हणाले, "साहेब, हा क्लॅम्प पुढं गेला आणि याचा सेन्सर लागलाच नाही, तर?"

"अलार्म येईल, काका."

"दाखवा ना."

मी प्रतिकृतीत त्या सेन्सरच्या नावापुढची 'चालू'ची खूण काढून टाकली आणि सायकल सुरू केली. क्लॅम्प पुढे गेला. प्रोग्रॅम त्या पायरीवर थांबला. एक मिनिट झालं, दोन झाली. अलार्म आला नाही. त्या एकाच पायरीला मी वेळेची मर्यादा टाकायला विसरलो होतो. लाईनवर हे झालं असतं तर मशीन गप्प उभं राहिलं असतं, काय अडलंय ते कळायला मार्ग नसता, आणि कोणीतरी वैतागून आत हात घातला असता. तीन सेकंदांचा टायमर टाकला, अलार्मचा मजकूर मराठीत लिहिला: 'क्लॅम्प २ पुढे सेन्सर लागला नाही'. काकांनी तो मोठ्याने वाचला आणि पुढच्या क्लॅम्पकडे बोट दाखवलं.